शेरा

रजिस्टरला पाच रकाने छापलेले होते.
नाव, गाव, सीडी, तारीख, डिपॉझिट.
सहावा मी पट्टीनं आखला: शेरा.
गिऱ्हाइकांनी वाचावा म्हणून नव्हे. असाच.

खानापूर, स्टेशन रोड, सन दोन हजार तीन.
एका रात्रीचे दहा रुपये.
पाटीवर कानडी मोठं, मराठी बारीक,
आणि आत तिन्ही भाषांचे हिरो
एकाच दोरीला, कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले.

भाड्यानं देण्याआधी मी प्रत्येक सिनेमा बघायचो.
माल बघून द्यावा, एवढंच म्हणणं.
आणि लिहायचो:

परदेशात गाणं, देशात रडणं. घर एवढं मोठं
की आईची हाक मुलाच्या खोलीपर्यंत पोचत नाही.
गैरसमज होणारच.

हिरो मोबाईल उघडतो, मिटतो. अभिनय तेवढाच.

भूत चांगलं. नवरा वाईट. भुताला जास्त सीन हवे होते.

मास्तर येतो, गाव सुधारतं.
आमच्याकडं तीन आले. तिघांनी बदली करून घेतली.

भाऊ-भाऊ, कोर्ट, पाऊस. दुसरी सीडी नेली नाही तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य मी सहा वर्षांत
एकेचाळीस वेळा लिहिलंय. आत्ता मोजलं.

सगळ्यात जास्त धंदा एकतीस ऑक्टोबरला.
उद्या काळा दिवस, सगळं बंद,
म्हणून संध्याकाळपासूनच दारात चपला.
सकाळच्या फेरीत ज्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा
तो परशराम बिर्जे हळूच कानडी सिनेमा मागायचा.
"फाईट त्येंचीच चांगली असतंय की, काय करूया सांग."
मी घरी नेऊन बघितला.
शेरा: फाईट खरंच चांगली.

आणि महादेवी कम्मार, गाव पारिश्वाड.
एकच सिनेमा सात वेळा.
त्याच्यापुढं माझं अक्षर ठळक होतं,
पेन दाबून लिहिलेलं: बेकार. नुसती बडबड.

सातव्यांदा विचारलंच,
"अक्का, काय आहे ओ त्यात एवढं?"
तिचं मराठी थोडं, माझं कानडी थोडं,
मध्ये काउंटर.

"आमच्या टीव्हीचा आवाज गेला आहे," ती म्हणाली.
"नीट करून घेत नाही मी.
मालक कौलांच्या भट्टीवरनं येतात, निजतात.
त्यात ती बाई आहे की, विहिरीपाशी?
तिनं काय बोलायचं ते मी सांगते तिला."

"काय सांगता?"

हसली. दहाची नोट ठेवली.
"ते कशाला तुम्हाला."

त्या रविवारी शटर अर्धं ओढून
मी आवाज बंद करून बसलो.
बाई विहिरीपाशी आली. तोंड हलायला लागलं.
आवाजासकट बघितलं तेव्हा ती
कुंकू, घराणं, त्याग असलं काही म्हणत होती.
आता नुसता पंख्याचा खडखडाट,
आणि तिचा एक हात रहाटावर,
जो मला आधी दिसलाच नव्हता.
साडेचार मिनिटं ती बोलत राहिली
आणि मला, गावभरच्या सिनेमांना शेरे मारणाऱ्याला,
तिच्या तोंडात घालायला एक शब्द सुचेना.

शेरा खोडला.
नवा लिहिला नाही. तो रकाना अजून तसाच आहे,
खोडलेल्या रेघेखाली बोटभर कोरा.

दुकान दोन हजार नऊला मिटलं.
तिथं आता मोबाईलला काचा बसवून देतात.
सीड्या मेव्हण्यानं नेल्या नंदगडला,
भातावर पाखरं उतरू नयेत म्हणून.
दोऱ्यांवर फिरतात, उन्हात लखलखतात,
कुठली कुठल्या सिनेमाची, लांबून कळत नाही.

मी विचारलं, उपयोग होतोय काय?
मेव्हणा म्हणाला, पहिला आठवडा घाबरली.
मग येऊन बसायला लागली दोरीवरच,
तोंड सीडीकडं करून.